दांडा धरणारा

पाणी हनुवटीला लागलं तरी सायरा मुलाणीनं दांडा सोडला नाही.

पाणी खरं नव्हतं. दांडा मात्र खरा होता. हातभर लांबीचा, पोलादी, प्रयोगशाळेच्या जमिनीत पक्का बसवलेला, आणि आतल्या स्प्रिंगमुळे सतत वर उसळी घेणारा. डोळे आणि कान झाकणारा दृश्यटोप तिच्या डोक्यावर होता आणि मनगटावर नाडीपट्टा. पलीकडच्या खोलीत तसाच टोप घातलेला दत्ताराम गुरव सरकत्या पट्ट्यावर जिवाच्या आकांतानं धावत होता. दोघांच्या डोळ्यांसमोर एकच जग होतं: कातळसरीचं भूमिगत वीजघर, फुटलेली जलवाहिनी, अंधारा बोगदा आणि बोगद्याच्या तोंडाशी वरून खाली येणारं पूररोधी दार. सायरानं दांडा दाबून धरला तरच ते दार वर राहणार होतं. सोडला की दार पडणार आणि दत्ताराम आत राहणार.

पाणी तिच्या ओठांपर्यंत आलं.

"पोचला! दत्ताराम बाहेर आला," काचेमागून हर्षद वायंगणकर ओरडला. त्यानं कळ दाबली आणि सायरासमोरचं जग काळं झालं.

पलीकडच्या खोलीतून दत्तारामचं रडणं ऐकू आलं. ते सुटकेचं रडणं होतं. "दार उघडं होतं. माझ्यासाठी उघडं होतं," असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याच्या नाडीचा आलेख उतरत उतरत सपाटीला आला. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

डॉ. अश्लेषा तोरसकरांनी सायराच्या डोक्यावरचा टोप हलकेच काढला. सायराच्या नाडीचा आलेख मात्र वरच होता.

"गेला ना तो बाहेर?" तिनं विचारलं.

"गेला. तुमच्यामुळे गेला."

"मग आता माझी पाळी," सायरा म्हणाली.

अश्लेषानं हर्षदकडे पाहिलं. हर्षद खाली बघत होता.

*

कातळसरीचा अपघात झाला तेव्हा वीजघरातले बहुतेक लोक बोगद्यातून बाहेर पडून वर जमिनीकडे नेणाऱ्या शिडीला लागले होते. नियंत्रण कक्षातल्या माणसानं दांडा सोडला, दार पडलं, आणि सात जण आत राहिले. दाराखालून शेवटची निसटली ती सायरा. ती तिथली वायुवीजन अभियंता होती. तिच्या मागे तिची मैत्रीण जयंती सकपाळ होती. सायराच्या आठवणीत जयंतीची बोटं तिच्या पाठीला लागत होती. मग मागे दार आदळल्याचा आवाज, आणि पाठीवर कुणाचीच बोटं नाहीत.

तेव्हापासून सायराला कुठलंच दार बंद झालेलं सहन होत नव्हतं. घराचं पुढचं दार दिवसरात्र सताड उघडं ठेवून तिचा नवरा इम्तियाज बैठकीतच झोपायचा. एकदा एका दुकानाच्या सरकत्या काचेच्या दारात ती उभी राहिली आणि हलायला तयार होईना. दार येऊन तिच्या खांद्यावर आपटायचं, मागे जायचं, पुन्हा आपटायचं. इम्तियाजनं तिला उचलून बाहेर आणलं तेव्हा दोन्ही खांदे काळेनिळे झाले होते.

पुण्याच्या पश्चिमेकडच्या टेकडीवर असलेल्या 'मनोवेध' प्रयोगशाळेनं अशा पाच जणांना उपचारासाठी घेतलं. उपचार म्हणजे एक खेळ होता. मोबाइलवर वेळ घालवायचा तसला नव्हे, तर कथाखेळ: ज्यात खेळाडू स्वतः एक पात्र होऊन गोष्टीतून चालत जातो आणि शेवटाला पोचतो. त्याचं नाव होतं 'वाट'. हर्षदनं तो लिहिला होता.

आणि आता पाचांपैकी चौघे बरे झाले होते.

*

"मी पहिल्या दिवसापासून विरोध केला होता," दुपारी अश्लेषाच्या खोलीत हर्षद म्हणाला. तो बसायला तयार नव्हता. "गोष्टीचा शेवट खेळणाऱ्याच्याच हातात हवा. दुसऱ्याच्या हातात देऊ नका म्हणून मी ओरडत होतो."

"एकट्यानं खेळायचा 'वाट' आपण करून पाहिला होता, हर्षद. काय झालं?"

"काही झालं नाही."

"का नाही झालं?"

हर्षद येरझारा घालू लागला. त्याला उत्तर माहीत होतं. अश्लेषा त्याला समजावत नव्हती, स्वतःलाच पुन्हा एकदा पटवत होती.

"आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नाही," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी आठवताना मेंदू ती पुन्हा घडवतो. बाहेर काढलेली आठवण थोडा वेळ ओल्या मातीसारखी मऊ असते. त्या वेळात काही अनपेक्षित घडलं तर तिचा आकार बदलतो, आणि नाही घडलं तर ती पहिल्यासारखीच सुकते, पहिल्यापेक्षा कडक. अपघात झालाच नाही असं आपण कुणाला पटवत नाही. फक्त त्या आठवणीची शरीरावरची पकड सैल करतो. त्यासाठी मेंदूला धक्का लागतो. दार पडणार अशी त्याची खात्री असताना दार उघडं राहिलं पाहिजे. एकट्याच्या खेळात दार उघडं राहायचं, पण रुग्णाला ठाऊक असायचं की ते यंत्रानं ठेवलंय. त्यात धक्का कसला?"

"म्हणून तुम्ही दुसरा माणूस आणलात."

"खरा माणूस. त्याच अपघातातला. जो घाबरून दांडा सोडूही शकतो. त्यानं सोडला नाही, हाच धक्का. आणि तो लागू पडला, चार वेळा."

हर्षद खिडकीशी गेला. "इथं येण्याआधी मी एका कंपनीत होतो. माझा एक कथाखेळ होता, एका वेढा पडलेल्या शहराचा. लोक महिनोन् महिने खेळायचे. पात्रांवर जीव लावायचे. कंपनीनं त्याला सहखेळ जोडला. अनोळखी लोकांनी एकत्र येऊन तटबंदी लढवायची, आणि जितके जास्त लोक लढवतील तितका प्रत्येकाच्या गोष्टीचा शेवट चांगला. सुरुवातीला गर्दी होती. सगळ्यांची शहरं वाचली. मग गर्दी दुसऱ्या खेळाकडे वळली. जे उशिरा आले, ज्यांनी एकही चूक केली नव्हती, त्यांची शहरं जळाली. कारण काय, तर परके लोक आले नाहीत. एका मुलीनं मला विचारलं, माझं काय चुकलं? मी काय उत्तर देणार होतो? राजीनामा दिला."

तो वळला. "मॅडम, हिशेब सोपा आहे. एकाला बाहेर काढायला दुसऱ्यानं मागे राहावं लागतं. बाहेर पडलेला परत उपयोगी पडत नाही. म्हणजे कुणीतरी शेवटचं उरणारच, आणि त्याच्यासाठी दांडा धरायला कुणी नसणार. हे कागदावर पहिल्या दिवशीच दिसत होतं."

"आणि शेवटी आपण मागे ठेवलं ते सायराला," अश्लेषा म्हणाली. "बाकीच्यांच्या हातून दांडा सुटायचा, तिच्या सुटत नव्हता. म्हणून दर वेळी तिलाच उभं केलं. चार वेळा बुडवलं तिला मी."

*

दुसऱ्या दिवशी दत्ताराम आपणहून आला. "मी धरतो की दांडा. सायराताईंसाठी एवढंही करू नको का?"

उपयोग होईल असं हर्षदला वाटत नव्हतं, तरी प्रयोग सुरू झाला. सायरा पट्ट्यावर धावू लागली, दत्तारामनं दांडा घट्ट धरला. पाणी चढत होतं. तो घाबरला नव्हता. घाबरूच शकत नव्हता, कारण त्याची भीती गेली होती. त्याची नाडी बाजारातून भाजी आणायला निघालेल्या माणसासारखी चालली होती.

'वाट'मध्ये नाडीपट्ट्याला महत्त्वाचं काम होतं. दांडा धरणाऱ्याच्या काळजाचे ठोके धावणाऱ्याला कानात ऐकू जायचे. पलीकडे खरंच कुणीतरी जीव मुठीत धरून उभं आहे, हे त्यावरून कळायचं.

बोगद्याच्या मध्यावर सायरा थांबली. टोप काढून तिनं खाली ठेवला.

"तिथं कुणी नाहीये," ती म्हणाली.

"ताई, मी होतो ना!"

"तू होतास दत्ता. पण तुला काही वाटत नव्हतं." ती त्याच्यावर चिडली नव्हती. "बरा झालास, छान झालं. पण मला ते ठोके ऐकू आले आणि मला वाटलं, हे दार यंत्रच धरतंय."

त्या रात्री ती झोपली नाही. इम्तियाजनं सकाळी फोन करून सांगितलं. "डॉक्टर, तिनं घराचं दार बिजागऱ्यांसकट काढून ठेवलंय. मी काही बोललो नाही. पण तुम्ही मला एकच सांगा, ती आधी होती त्याहून वाईट झालीय का?"

"हो," अश्लेषा म्हणाली. खोटं बोलणं तिला जमलं नाही.

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ आलेखांकडे बघत बसली. मग तिनं हर्षदला बोलावलं. "त्या दिवशी तिथं आणखी एक माणूस होता. जिवंत आहे. उपचार घेतलेला नाही."

हर्षदला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तो एकदम म्हणाला, "नाही. मॅडम, नाही. ज्यानं दांडा सोडला तोच माणूस?"

"तिची सर्वांत पक्की खात्री कुठली आहे? हा माणूस दार पाडणार. ती खात्री मोडली तर त्याहून मोठा धक्का नाही."

"आणि त्यानं पुन्हा सोडला तर?"

"तर माती कायमची सुकेल," अश्लेषा म्हणाली.

*

प्रल्हाद घोणे राजापूरजवळच्या एका गावात आंब्याच्या कलमांची रोपवाटिका चालवत होते. चौकशी समितीनं त्यांना निर्दोष ठरवलं होतं. दांडा आणखी थोडा वेळ धरला असता तर शिडीवरचे सगळे बुडाले असते, असं समितीचं मत होतं. गावात त्यांना कुणी टोकत नव्हतं. तरी त्यांनी मंदिरात, लग्नात जाणं सोडलं होतं.

भेटायला आलेल्या अश्लेषाचं सगळं बोलणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांची बायको चहाचे कप घेऊन आली. नवऱ्याचा कप तिनं स्वतः त्यांच्या ओठांना लावला, दोन घोट पाजले आणि खाली ठेवला.

"संकोच करू नका," घोणे म्हणाले. "उजव्या हातात काही टिकत नाही. पकडतो आणि मग बोटं आपोआप उघडतात. मुंबईला दाखवलं. नसा ठीक आहेत म्हणाले. कलमं ही बांधते. मी नुसतं दाखवतो कुठं बांधायचं."

"कधीपासून?"

"तुम्हाला माहीत आहे कधीपासून."

अश्लेषाचा धीर सुटला. ज्याच्या हाताच्या पकडीवर तिचा सगळा बेत उभा होता त्या हातात कपसुद्धा राहत नव्हता. "मग राहू दे," ती उठत म्हणाली. "मी तुम्हाला विचारायलाच नको होतं."

"बसा," घोणे म्हणाले. "ती मुलाणी तयार आहे का?"

"तिला अजून विचारलेलं नाही."

"आधी तिला विचारा. ती हो म्हणाली तर मी येतो. हाताचं तिलाही सांगा. लपवू नका."

सायराला सांगितलं तेव्हा ती इतक्या जोरानं उठली की खुर्ची उलटली. "त्या माणसाच्या हातात पुन्हा दांडा द्यायचा? माझ्यासाठी? तुम्हाला लाज नाही वाटत?" ती दरवाजाकडे गेली, तिथं थांबली, परत आली. "त्यानं सोडला तर?"

"तर आत्तापेक्षा वाईट होईल. कदाचित कायमचं. तुम्ही नाही म्हणालात तर तेच बरोबर असेल, असं मला अर्धं वाटतं. शिवाय त्यांचा हात..." अश्लेषानं हाताचंही सांगितलं.

सायरा काचेपलीकडच्या दांड्याकडे बघत राहिली.

"त्याचा हात," ती म्हणाली. "म्हणजे त्यालाही होतंय." तिनं उलटलेली खुर्ची उभी केली. "बोलवा त्याला."

*

खेळात प्रत्येकाची बाजू त्याच्याच आठवणीतून बांधलेली असे. दांडा धरणाऱ्याला नियंत्रण कक्ष दिसायचा, पण आधीच्या पाचांपैकी कुणीच त्या कक्षात कधी गेलेलं नव्हतं. त्यामुळे तो एक ढोबळ खोली होती: दांडा, काच, पाणी. घोणे आले आणि आठवडाभर हर्षदला एकेक गोष्ट सांगत बसले. कक्षात दोन पडदे होते. एकावर बोगद्याच्या आतल्या कॅमेऱ्याचं चित्र, दुसऱ्यावर वर जाणाऱ्या शिडीचं. हर्षदनं दोन्ही बांधले.

शेवटच्या दिवशी तो अश्लेषाकडे आला. "एक अडचण आहे. इतरांच्या खेळात दार उघडं राहिलं की सगळं चांगलं व्हायचं, कारण वरच्या शिडीचं काय झालं हे कुणाच्याच आठवणीत नव्हतं. यांच्या आहे. आता दार उघडं राहिलं तर पाणी शिडीवर चढतं."

"ते काढून टाकता येईल?"

"काढलं तर त्यांच्या मेंदूला लगेच कळेल की ही ती जागा नाही. मग भीती नाही, ठोके नाहीत, आणि दत्तारामसारखंच होईल."

अश्लेषानं विचार केला. "सायरा आणि जयंती दोघी दाराखालून बाहेर आल्या की खेळ संपतो. सायराला शिडी दिसायचा प्रश्न नाही. राहू दे."

सायरा आणि घोणे प्रयोगाआधी समोरासमोर आले नाहीत. तसं सायरानंच सांगितलं होतं. तिनं पट्ट्यावर पाय ठेवला, टोप चढवला.

कानात ठोके आले. वेगवान, अडखळणारे. ती ते ऐकत राहिली. हा माणूस घाबरलेला होता. दत्तारामपेक्षा, तिच्याहूनही जास्त.

मग मोठा स्फोट झाला, दिवे गेले, आणि ती धावू लागली.

काचेमागे हर्षदचे डोळे घोण्यांच्या हातावर होते. त्यांनी उजव्या हातानंच दांडा धरला होता. डावा वापरा म्हटलं तर ते नाही म्हणाले होते. बोटं पांढरी पडली होती. मध्येच करंगळी सुटली. मग तिच्या शेजारचं बोट. दांडा किंचित वर आला आणि बोगद्यात दार करकरत वीतभर खाली सरकलं.

सायरानं ते पाहिलं. तिच्या तोंडून किंकाळी फुटली. तरी ती धावत राहिली.

घोण्यांनी दात आवळले. सुटलेलं बोट परत आलं. करंगळीही आली. दार पुन्हा वर गेलं.

"धरलंय त्यांनी," हर्षद पुटपुटला. "मॅडम, धरलंय."

सायरा दाराखालून बाहेर पडली. पाठीला जयंतीची बोटं लागली आणि सुटली. ती वळली. जयंती दोन पावलं मागे होती, पाण्यात, हात पुढे केलेला. एवढीच दोन पावलं. दार वर होतं. आता ती येणार, उजेड होणार, खेळ संपणार.

पण जयंती येत नव्हती. पाय हलत होते, अंतर कमी होत नव्हतं.

"हे काय होतंय?" अश्लेषानं विचारलं.

हर्षदच्या बोटांखाली आकडे धावत होते. "दोन आठवणी जुळत नाहीयेत. सायराच्या आठवणीत जयंती हातभर अंतरावर आहे. घोण्यांच्या पडद्यावर ती बोगद्याच्या वळणाशी आहे, खूप मागे. यंत्राला दोन्ही खरं धरावं लागतंय. ते तिला पुढं आणू शकत नाही, मागेही नेऊ शकत नाही."

"थांबवू या?"

"आत्ता थांबवलं तर शेवटच नाही. सगळं असंच सुकेल."

सायरानं जयंतीला हाक मारली. मग तिनं दांडा अजून धरलेला आहे ना हे पाहायला डावीकडे मान वळवली. काचेपलीकडे घोणे उभे होते, छातीभर पाण्यात, दांड्यावर ओणवे झालेले. आणि त्यांच्या मागे दोन पडदे उजळलेले होते.

या कक्षाच्या आत सायरा कधी पाहू शकली नव्हती. अपघाताच्या दिवशी ती त्याच्यासमोरून धावत गेली होती. आता ती आत शिरली.

एका पडद्यावर बोगदा होता. लांब वळणावर, हेल्मेटवरचा एक दिवा. दुसऱ्या पडद्यावर शिडी. शिडीवर माणसं, एकाला एक चिकटून. खालच्यांच्या कमरेला पाणी लागलेलं. तिनं चेहरे ओळखले. दत्ताराम होता. दांडा धरून तिनं बाहेर काढलेले बाकीचे तिघंही होते. आणि सगळ्यांत खालची पायरी रिकामी होती. तिथं त्या दिवशी शेवटी ती स्वतः चढली होती.

पाणी पायरी पायरीनं वर चढत होतं. कुणीतरी खालचा माणूस घसरला आणि दिसेनासा झाला.

"तुम्ही हे बघत होतात?" सायरानं विचारलं.

घोण्यांना उत्तर द्यायला श्वास पुरत नव्हता. "हो."

"दोन्ही?"

"दोन्ही." त्यांनी दांडा आणखी दाबला. "या वेळी नाही सोडणार. ठरवूनच आलोय. जयंती येईपर्यंत नाही सोडणार."

ते खरंच सोडणार नव्हते. सायराला हे त्यांच्या ठोक्यांवरून कळत होतं. ज्या एका गोष्टीबद्दल तिला कधीच शंका नव्हती ती समोर खोटी ठरत होती. तिनं दाराकडे पाहिलं. जयंती दोन पावलांवर. पडद्याकडे पाहिलं. जयंती दूर वळणावर. यातली खरी कोणती हे तिला कळणार नव्हतं. कुणालाच कळणार नव्हतं. शिडीवरून आणखी एक माणूस घसरला.

"अण्णा," ती म्हणाली. प्रकल्पावर सगळे त्यांना अण्णा म्हणत. अपघातानंतर तिनं तो शब्द तोंडातून काढला नव्हता. "अण्णा, सोडा."

"नाही."

"सोडा. मी सांगते."

"मी पुन्हा नाही सोडणार. मला पुन्हा ते नको..."

"तुम्ही एकटे नाही सोडत आहात," सायरा म्हणाली आणि तिनं आपला हात त्यांच्या हातावर ठेवला.

प्रयोगशाळेत ती खरंच पट्ट्यावरून उतरली होती. टोप डोक्यावर तसाच ठेवून, डोळ्यांसमोरचा बोगदा बघत, ती उघड्या दारातून चाचपडत पलीकडच्या खोलीत आली होती. हर्षद तिला अडवायला पुढे झाला. अश्लेषानं त्याचा दंड धरला.

दांड्यावर आता खरोखरच दोन हात होते. सायरानं एकदा मागे वळून जयंतीकडे पाहिलं. नीट पाहिलं. मग दोघांनी मिळून दांडा वर जाऊ दिला.

दार पडलं. त्या आवाजानं दोघंही जमिनीवर बसले.

समोरच्या फलकावर लाल अक्षरं उमटली: शेवट अयशस्वी. हर्षदनंच ती लिहिली होती. खेळातला चांगला शेवट म्हणजे उघडं दार आणि वाचलेले सगळे. दुसरा कुठला शेवट चांगला असू शकतो हे यंत्राला कुणी शिकवलं नव्हतं.

"संपलं," तो खचून म्हणाला. "तेच घडलं पुन्हा. अगदी तसंच."

"आलेख बघ," अश्लेषा म्हणाली.

त्यानं पाहिलं. दोन रेषा होत्या. दोन्ही उतरत होत्या, हळूहळू, एकीचा वेग दुसरीसारखाच. त्याला खरं वाटेना. त्यानं नाडीपट्टे तपासले, जोडण्या तपासल्या. रेषा उतरतच होत्या.

"पण दार तर पडलं," तो म्हणाला. "धक्का कुठं आहे यात?"

"तिला खात्री होती की तो सोडणार. त्यानं नाही सोडला. त्याला खात्री होती की ती त्याला कधी माफ करणार नाही. तिनं त्याचा हात धरला. धक्के दोन आहेत, हर्षद. दार उघडं राहणं हा धक्का आपण ठरवला होता. त्यांच्या मेंदूंना आपण विचारलंच नाही."

हर्षदनं पुन्हा त्या दोन रेषांकडे पाहिलं. "एकानं धरायचं आणि दुसऱ्यानं निघायचं, असा नियम मीच लिहिला," तो सावकाश म्हणाला. "म्हणून कुणीतरी शेवटचं उरायचं. शेवट दोघांनी मिळून केला तर मागे कुणीच राहत नाही." त्यानं समोरच्या फलकाकडे पाहिलं. "हे मला कधी सुचलं नाही."

त्यानं उठून लाल अक्षरं बंद केली.

जमिनीवर सायरा आणि घोणे टोप काढून भिंतीला टेकून बसले होते. सायरा मोठ्यानं रडत होती. दोन वर्षांत ती अशी रडली नव्हती. घोण्यांनी तिला थांबवलं नाही. ती आपणहून शांत झाली तेव्हा तिनं विचारलं, "जयंती माझ्या मागे होती ना?"

हा प्रश्न तिनं खूप जणांना विचारला होता. इम्तियाज म्हणायचा, ती खूप लांब होती, तू काही करू शकली नसतीस. चौकशी समितीतला एक जण तेच म्हणाला होता. अश्लेषासुद्धा एकदा म्हणाली होती. सगळ्यांना तिला धीर द्यायचा होता, आणि त्यांच्यातल्या कुणीही तो पडदा पाहिलेला नव्हता.

"होती," घोणे म्हणाले. "किती लांब ते मला नाही सांगता येणार. चित्र धूसर होतं. पण होती. येत होती. दिवा हलत होता तिचा."

सायरानं मान हलवली.

"मला वाटायचं, तो दिवा मी एकट्यानंच पाहिला," घोणे म्हणाले.

अश्लेषानं काचेमागचा दिवा मालवला आणि ती हर्षदला घेऊन बाहेर गेली. आत ते दोघं जयंतीबद्दल बोलू लागले होते.